लीग सुरू होण्याआधी: मुलींच्या बास्केटबॉल संघांची ओळखपुस्तिका (प्रकल्प नोंदी, हिवाळा २०२४-२५)

काम असं: कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा व्हॅली ॲथलेटिक लीगमधल्या मुलींच्या व्हार्सिटी (शाळेच्या मुख्य) बास्केटबॉल संघांची एक छापील ओळखपुस्तिका, जानेवारीत लीगचे सामने सुरू होण्याआधी. पालो आल्टोपासून मिलपिटसपर्यंत आणि खाली लॉस गॅटोसपर्यंतच्या सरकारी शाळा या लीगमध्ये आहेत. विभाग दोन, वरचा डी अँझा आणि त्याखालचा एल कामिनो. सनीव्हेल-क्युपर्टिनो भागातल्या पुष्कळ मराठी घरांतल्या मुली या शाळांत शिकतात, म्हणून नोंदी मराठीत ठेवतेय. पुस्तिका मात्र इंग्रजीत, कारण ती सगळ्यांच्या आईबाबांसाठी आहे.

आम्ही तिघं आहोत: मी, माझी जेव्हीत (ज्युनियर व्हार्सिटी, मुख्य संघाच्या खालचा संघ) खेळणारी लेक, आणि शेजारच्या शाळेचं स्कोअरबुक (सामन्याची नोंदवही) लिहिणारे एक बाबा. लेक त्यांना स्कोअरबुकवाले काका म्हणते, इथेही तेच नाव चालेल. खाली शाळांची नावं दिलेली नाहीत, संघांना अक्षरं दिली आहेत. मुली १४ ते १८ वर्षांच्या आहेत आणि या नोंदींत कच्ची मतं आहेत. ती त्यांच्या नावाला चिकटू नयेत.

४ नोव्हेंबर, सोमवार

आज एकच गोष्ट पक्की झाली: क्रमवारी द्यायची नाही.

मी महाराष्ट्रात शाळेकडून खेळले तेव्हा शालेय स्पर्धा बाद पद्धतीने व्हायच्या. जिल्हा, विभाग, राज्य. एक हार झाली की घरी. समोरचा संघ कसा आहे हे सामना संपेपर्यंत कळायचं, आणि तो संघ त्या वर्षी परत समोर यायचा नाही. इथे लीगमध्ये विभागातल्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळायचं असतं, एकदा आपल्या जिममध्ये आणि एकदा त्यांच्या. सात संघांचा विभाग असेल तर १२ सामने. म्हणजे आधी करून ठेवलेली ओळख खरंच उपयोगाची. पहिल्या सामन्यात दिसलेलं दुसऱ्यात वापरता येतं, आणि पालकांनाही समोरच्या मुली ओळखीच्या वाटू लागतात.

प्रत्येक संघाला एक पान. पानावर पाच प्रश्नांची उत्तरं: बॉल पुढे कोण आणतं? गेल्या वर्षीच्या मुलींपैकी कोण गेलं, कोण राहिलं? बचाव कोणत्या पद्धतीचा? बेंचवरून (बदली म्हणून) पहिली कोण येते? डिसेंबरमध्ये काय बदललं? आणि एक अट: रोस्टरवरच्या (संघाच्या यादीतल्या) प्रत्येक मुलीचं नाव पानावर एकदा तरी यायलाच हवं. बारावीची जी मुलगी चार वर्षं सरावाला येते आणि सामन्यात दोन मिनिटं खेळते, तिचंही.

९ नोव्हेंबर, शनिवार

गेल्या वर्षीचे आकडे गोळा करायला बसलो. शाळांचे निकाल नोंदवणाऱ्या वेबसाइटवर आकडे प्रशिक्षक किंवा त्यांचे मदतनीस भरतात, त्यामुळे प्रत्येक संघाची नोंद वेगळ्या तऱ्हेची. कुणाचे फक्त गुण, कुणाचे रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) निम्म्या सीझनचे, कुणाचं पान कोरं. संघ 'त'च्या असिस्ट (ज्या पासवर बास्केट होते ते पास) त्यांनी टाकलेल्या बास्केटपेक्षा जास्त निघाल्या. हे शक्यच नाही, कारण बास्केट झाली तरच असिस्ट धरतात.

काकांनी दोन चाळण्या लावल्या. पहिली: असिस्ट एकूण बास्केटपेक्षा जास्त असतील तर असिस्टचा रकानाच उडवायचा. दुसरी: प्रत्येक मुलीच्या दोनच्या बास्केट, तीनच्या बास्केट आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) यांवरून गुण परत मोजायचे; जुळले नाहीत तर त्या सामन्याची नोंद बाजूला. एवढं केल्यावर हातात विश्वासाने धरण्यासारखे उरले ते गुण, आणि थोड्या संघांचे फ्री थ्रो. सबंध दुपार गेली. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी चाळणी आधी लावावी आणि आकडे मग उतरवावेत. आम्ही उलट केलं, त्यामुळे अर्धा तक्ता खोडावा लागला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

'स्टार्टर किती परतल्या' (स्टार्टर म्हणजे सामन्याच्या सुरुवातीला उतरणाऱ्या पाच मुली) हा रकाना काढून टाकला. संघ 'प'च्या पाचपैकी चार स्टार्टर परतताहेत, ऐकायला उत्तम. पण गेलेली पाचवी पॉइंट गार्ड होती आणि तिच्या जागी बॉल आणणारी दुसरी कुणी गेल्या वर्षी तयारच झाली नव्हती. उलट संघ 'क'च्या तीन स्टार्टर गेल्या, पण बेंचवरच्या तिघी जवळजवळ तेवढंच खेळायच्या.

खरं मोजायला हवं ते परतणाऱ्या मिनिटांचं, आणि शाळेच्या सामन्यांत मिनिटं कुणीच लिहीत नाही. तोडगा काकांना सुचला. छापील स्कोअरबुकमध्ये मुलीच्या नावापुढे चार क्वार्टरची घरं असतात आणि ती ज्या क्वार्टरमध्ये उतरली त्या घरावर खूण करतात. क्वार्टर आठ मिनिटांचं. खूण असली म्हणजे ती आठही मिनिटं खेळली असं नाही, पण कोणावर किती भिस्त होती हे त्यातून कळतं. ओळखीच्या स्कोअरबुक लिहिणाऱ्यांकडे गेल्या वर्षीच्या पानांचे फोटो मागितले. बऱ्याच जणांनी दिले. ज्यांचे मिळाले नाहीत त्या संघांच्या पानावर 'परतणारे गुण' दिलेत, आणि ते गुणच आहेत, क्वार्टर नव्हेत, हे तिथे स्पष्ट लिहिलंय.

१६ नोव्हेंबर, शनिवार

प्रशिक्षकांना पाठवलेली पहिली ईमेल फुकट गेली. वीस प्रश्नांची लांबलचक प्रश्नावली होती. उत्तरं दोघांची, तीही अर्धवट. नोव्हेंबर म्हणजे ट्रायआउटचा (संघनिवडीचा), कागदपत्रांचा आणि जिमच्या वेळांवरून होणाऱ्या ओढाताणीचा महिना. यातले कितीतरी प्रशिक्षक शाळेत शिकवतही नाहीत. दिवसा दुसरी नोकरी करून संध्याकाळी जिममध्ये येतात.

आज नवा मेसेज पाठवला, तीनच प्रश्नांचा, गाडीत बसण्याआधी उत्तर टाइप करता येईल असा:

१. तुमच्याकडे बॉल पुढे कोण आणणार?
२. उन्हाळ्यात कुणाच्या खेळात सगळ्यात जास्त फरक पडला?
३. लीगआधीच्या कोणत्या सामन्यातून तुमच्या संघाला सगळ्यात जास्त शिकायला मिळेल?

रात्रीपर्यंत उत्तरं येऊ लागली. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात मोलाची. आपला संघ कुठे कच्चा आहे हे प्रशिक्षक सरळ सांगत नाहीत, पण 'अमक्या शाळेशी सामना आहे, त्या पूर्ण कोर्टभर प्रेस करतात' (बॉल पुढे येऊ नये म्हणून अंगावर जाऊन अडवतात) असं लिहिलं की कशाची काळजी वाटतेय ते कळतं. पुढे कोणते सामने बघायला जायचं तेही या उत्तरांनीच ठरवून दिलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

नवा रकाना: 'पूर्ण संघ कधीपासून'.

मुलींचं व्हॉलीबॉल इथे शरद ऋतूत असतं आणि राज्यपातळीपर्यंत गेलं तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत चालतं. बास्केटबॉलचा सराव त्याआधीच सुरू होतो. ज्या शाळेचा व्हॉलीबॉल संघ पुढे जातो, तिचा बास्केटबॉल संघ पहिल्या स्पर्धेत अपुरा उतरतो. संघ 'त'चं आत्ता तेच झालंय. त्यांच्या उंच मुली अजून नेटपाशीच आहेत. त्यांचे नोव्हेंबरचे निकाल पुस्तिकेत धरायचे नाहीत.

सॉकरची गोष्ट वेगळी. आमच्या भागात मुलींचं शालेय सॉकर हिवाळ्यातच असतं, म्हणजे दोन्हींतून एकच निवडावं लागतं. गेल्या वर्षीची एक चांगली बचावपटू या वर्षी सॉकरकडे गेली. तिचं नाव आमच्या 'परतणाऱ्या' यादीत होतं, कारण यादी आम्ही इयत्तेवरून केली होती: बारावी नसेल तर परतणार. ही रीत बंद. आता नवा रोस्टर हातात आल्याशिवाय कुणालाच 'परतणारी' म्हणायचं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पहिली स्पर्धा प्रत्यक्ष पाहिली. दिवसभर जिममध्ये. प्रवेश प्रत्येकी दहा डॉलरच्या आसपास, वर पार्किंग. सोबत डबा न्यावा.

मी एकटीने सगळं लिहायचा प्रयत्न केला: शॉट कुठून, रिबाउंड कुणाचा, फाउल, बदली. दुसऱ्या क्वार्टरमध्येच कागद आणि कोर्ट यांचा मेळ सुटला. पुढच्या सामन्याला काम वाटून घेतलं. काका फक्त शॉट आणि रिबाउंड लिहिणार, मी फक्त टर्नओव्हर (शॉट न घेताच बॉल समोरच्यांकडे जाणं). लेक वहीत काहीच लिहिणार नाही. बेंचकडे बघणार आणि कोण कुणाच्या जागी उतरतंय ते सांगणार. ही वाटणी जमली आणि पुढे कायम राहिली.

टर्नओव्हरला मी पहिलं स्थान का दिलंय ते सांगते. व्यावसायिक सामन्यांचे अभ्यासक आधी नेमबाजी बघतात, मग टर्नओव्हर, रिबाउंड आणि फ्री थ्रो. शाळेच्या मुलींच्या सामन्यांत, निदान आमच्या लीगमध्ये, निकाल फार वेळा शॉट घेण्याआधीच लागलेला असतो, कारण बॉल अर्ध्या रेषेपलीकडे पोचतच नाही. तो पुढे न्यायचा, कॅलिफोर्नियात मुलींना ३० सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात शॉट घ्यावाच लागतो), आणि समोर दोघीजणी अंगावर येताहेत. शांतपणे बॉल आणणारी एक मुलगी असली की तोच संघ वेगळा दिसतो. म्हणून टर्नओव्हरचे दोन रकाने केले, स्वतःच्या अर्ध्या कोर्टात झालेले आणि पुढे गेल्यावर झालेले. पहिल्या प्रकारातून समोरच्यांना सोपी लेअप (बास्केटपाशी जाऊन टाकलेला शॉट) मिळते. दुसऱ्या प्रकारात निदान मागे धावायला वेळ असतो.

फाउलबद्दलही पालकांसाठी एक चौकट टाकतोय. २०२३-२४ पासून शालेय नियम बदलले: पूर्वीची पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा मिळण्याची पद्धत गेली, आता संघाच्या फाउलची मोजणी दर क्वार्टरला नव्याने सुरू होते आणि पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात. गॅलरीत अजून पुष्कळ जण जुन्या हिशेबाने ओरडतात. प्रेस करणाऱ्या संघांना याचा फायदा आहे, कारण एका क्वार्टरमधले फाउल पुढच्या क्वार्टरच्या डोक्यावर बसत नाहीत.

३० नोव्हेंबर, शनिवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. घरी बसून व्हिडिओवरून काम करायचा बेत होता. सामने दाखवणाऱ्या एका सेवेचे महिन्याचे बारा-चौदा डॉलर भरले. जिममध्ये बसवलेला कॅमेरा आपोआप बॉलच्या मागे फिरतो, त्यामुळे बॉल नसलेल्या चौघी चौकटीबाहेर राहतात. आणि बचाव बघायचा म्हणजे त्याच चौघी बघायच्या. शिवाय लांबून जर्सीवरचे आकडे वाचता येत नाहीत. व्हिडिओचा उपयोग एवढाच झाला की प्रत्यक्ष पाहिलेल्या सामन्यात शंका राहिलेली जागा परत तपासता आली. महिना संपला की बंद करणार.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज गोल्डन स्टेट व्हाल्कीरीज या आमच्या भागातल्या नव्या डब्ल्यूएनबीए (महिलांची व्यावसायिक लीग) संघाचा एक्स्पान्शन ड्राफ्ट, म्हणजे जुन्या संघांतून खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, झाला. जेव्हीच्या सरावाबाहेर मुली एका फोनभोवती जमल्या होत्या. पुढच्या वर्षी हा संघ सॅन फ्रान्सिस्कोत चेस सेंटरला खेळेल. मुख्य प्रशिक्षक नॅटली नाकासे. कॅलिफोर्नियातच वाढलेली, यूसीएलएकडून खेळलेली, अगदी कमी उंचीची गार्ड, आणि डब्ल्यूएनबीएतली आशियाई-अमेरिकन वंशाची पहिली मुख्य प्रशिक्षक. आमच्या लीगच्या रोस्टरवर चिनी, कोरियन, व्हिएतनामी, भारतीय आडनावं पानभर असतात. अशा मुलींसाठी ही नेमणूक काय आहे ते मला आज त्या घोळक्याकडे बघून कळलं.

संध्याकाळी काकांशी बोलून उंचीचा रकाना काढून टाकला. रोस्टरवरची उंची अनेकदा एखाद-दोन इंचांनी वाढवलेली असते, हे एक कारण. मोठं कारण हे की वाचणाऱ्याची नजर आधी त्या आकड्यावर जाते आणि मुलीबद्दलचं मत तिथेच ठरतं. त्या जागी आता आहे 'बचावात कुणाला अडवते': समोरची बॉल आणणारी, बाहेरून शॉट मारणारी, की आत उभी राहणारी. संघ 'ग'ची सगळ्यात लहानखुरी मुलगी समोरच्या उत्तम गार्डला पूर्ण कोर्टभर सोडत नाही. उंचीच्या रकान्यात हे दिसलं नसतं.

११ डिसेंबर, बुधवार

पहिला मसुदा काही पालकांना वाचायला दिला होता. एका आईचा फोन आला. शांतपणे बोलल्या. मुलीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मसुद्यात एक वाक्य होतं. ते काढा म्हणाल्या. "सगळ्यांना माहीत आहे हो, पण छापून आलं की समोरचा संघ तिच्या त्याच बाजूने जाईल. आणि ती स्वतः अजून त्याबद्दल बोलत नाही." वाक्य लगेच काढलं.

त्यानंतर नियम लिहून काढले. दुखापत नाही. परीक्षेचे गुण नाहीत. बाहेर कोणत्या क्लबकडून खेळते ते नाही. सोशल मीडियावरचं काही नाही. चेहऱ्यांचे फोटो नाहीत. नाव, इयत्ता आणि जर्सीचा आकडा फक्त शाळेने स्वतः जाहीर केलेल्या रोस्टरवरून. अमेरिकेतल्या १९७४ च्या फर्पा कायद्यात शाळा जी माहिती 'डिरेक्टरी' म्हणून जाहीर करू शकते तिच्यात खेळाडूंची नावं, अगदी उंची-वजनसुद्धा येतं, पण पालकांना नाही म्हणायचा हक्क असतो. तो कायदा शाळांना बांधतो, आम्हाला नाही. तरी आम्ही तोच हक्क पुस्तिकेतही दिला: ज्यांना नाव नको त्यांनी कळवावं, कारण विचारलं जाणार नाही. दोन कुटुंबांनी कळवलं. त्या दोघींचे फक्त जर्सीचे आकडे येतील.

हे पहिल्याच आठवड्यात ठरवायला हवं होतं. दुसऱ्या कुणी असं काम घेतलं तर आकड्यांच्याही आधी हा कागद तयार करावा.

१४ डिसेंबर, शनिवार

जिंकले-हरले हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले की सगळं उलटंसुलटं दिसतं. संघ 'अ' जवळजवळ सगळे सामने जिंकलाय, आणि बहुतेक अशा शाळांशी ज्यांच्याकडे पुरत्या दहा मुलीही नाहीत. संघ 'प' हरतच चाललाय, कारण त्यांच्या प्रशिक्षकांनी डिसेंबर मुद्दाम अवघड ठेवलाय. आमच्या शेजारीच वेस्ट कॅथलिक ॲथलेटिक लीग आहे. सॅन होजेची आर्चबिशप मिटी शाळा तिथलीच, देशभरात नाव असलेली. हेली जोन्स तिथून स्टॅनफर्ड विद्यापीठात गेली आणि त्यांच्या २०२१ च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपदात फायनल फोरची (शेवटच्या चार संघांच्या फेरीची) सर्वोत्तम खेळाडू ठरली. अशा संघांशी खेळून मोठ्या फरकाने हरलेल्या सरकारी शाळेबद्दल त्या गुणफलकावरून काहीही म्हणता येत नाही. तिसऱ्या क्वार्टरपासून दोन्हीकडच्या बेंचच खेळत असतात.

काकांनी साखळी लावून पाहिली: अ ने द ला हरवलं, द ने न ला, म्हणजे अ न पेक्षा वरचढ. रात्री अकरापर्यंत साखळीचं वर्तुळ झालं, न ने अ ला आधीच हरवलेलं होतं. साखळी सोडून दिली. आता पद्धत अशी: दोन संघ एकाच तिसऱ्या संघाशी खेळले असतील तरच तुलना, आणि फरक २० पेक्षा जास्त असला तरी २० च धरायचा. त्यातून प्रत्येक विभागात तीन ढोबळ गट पडतात: विजेतेपदाच्या शर्यतीतले, कुणालाही हरवू शकणारे, नव्याने बांधणी चाललेले. गटांत नावं वर्णानुक्रमे.

१८ डिसेंबर, बुधवार

शाळांच्या सत्र परीक्षा. कुणी उत्तरं देत नाही, आणि देऊही नयेत. लेकीलाही यातून सुट्टी.

२१ डिसेंबर, शनिवार

लिखाण. सगळ्यात कठीण भाग हा निघाला.

सगळी पानं एका बैठकीत लिहून काढली आणि लेकीला दिली. ती वाचून म्हणाली, "आई, संघांची नावं झाकून वाच. कोणतं पान कुणाचं ते तुला तरी कळतंय का?" खरंच कळत नव्हतं. सगळ्याच संघांत 'अनुभव आणि तरुण रक्त यांचा मेळ', सगळ्याच 'जिद्दीच्या'. गुण जास्त म्हणून प्रत्येक पान सर्वाधिक गुण करणारीपासून सुरू, आणि बाकीच्या तिच्या मागे ओळीने.

सगळं बाजूला ठेवून नवा नियम केला: प्रत्येक पानाची सुरुवात आम्ही तिघांपैकी कुणीतरी जिममध्ये डोळ्यांनी पाहिलेल्या एका गोष्टीने. विशेषण आलं तर पुढच्या वाक्यात त्याचा दाखला. संघ 'क'चं पान आता असं सुरू होतं, मराठीत सांगायचं तर:

"क चा प्रेस बास्केट झाल्यावर नाही, बास्केट हुकल्यावर सुरू होतो. रिबाउंड गेला की जवळची मुलगी रिबाउंड घेणारीच्या हातांपुढे उभी राहते, बाकी चौघी पास जाऊ शकेल अशा जागा अडवतात. हे काम बेंचवरून येणाऱ्या दोघी स्टार्टरांपेक्षा सरस करतात, म्हणून दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला लक्ष द्या."

त्या दोघींची नावं पुस्तिकेत आहेत. त्यातली एक दहावीतली मुलगी, वर्षभरात तिचे गुण मोजकेच. आकड्यांवरून लिहिलं असतं तर तिचं नाव शेवटच्या ओळीत आलं असतं.

ज्या संघाला आम्ही एकदाच पाहू शकलो त्याच्या पानावर तसं नमूद केलंय, आणि पान लहान ठेवलंय. सगळी पानं सारख्या लांबीची करण्यासाठी भर घालायची नाही.

३० डिसेंबर, सोमवार

नाताळ आणि नववर्ष यांच्यामधले दिवस म्हणजे मुलींच्या बास्केटबॉलची इथली जत्रा. ईस्ट बेमध्ये वेस्ट कोस्ट जांबोरी भरते. मुलींचे ढीगभर संघ, वेगवेगळ्या शाळांच्या जिममध्ये, वेगवेगळ्या गटांत. आपल्या लीगचे कोणते संघ कुठल्या स्पर्धेत आहेत ते आधी काढून ठेवलं होतं म्हणून निभावलं. एका जिममधून दुसऱ्यात जायला ६८० क्रमांकाच्या हायवेवर तास मोडतो.

फेरी सार्थकी लागली. संघ 'प', डिसेंबरभर हरणारा, आता ओळखू येत नाही. प्रशिक्षकांनी बॉल आणायचं काम एका मुलीवरून काढून दोघींत वाटलंय. प्रेस आला की दुसरी मधल्या वर्तुळात येऊन उभी राहते आणि पास तिथे जातो. माझ्या रकान्यात स्वतःच्या अर्ध्यातले टर्नओव्हर नोव्हेंबरच्या मानाने निम्म्यावर आलेले दिसतात. त्यांचं पान पूर्ण बदललं आणि त्यांना मधल्या गटात आणलं. संघ 'त'च्या व्हॉलीबॉलवाल्या आता रुळल्यात. दोन-तीनची झोन (पुढे दोघी, मागे तिघी, प्रत्येकीला जागा वाटून दिलेला बचाव) लावतात, आणि मागच्या उंच मुली बॉलकडे न बघता समोरची खेळाडू बघतात. हे पाहून मला फार आनंद झाला.

माझं मत असं झालंय की २५ डिसेंबरआधी छापलेली कोणतीही ओळख निम्मीच असते. डिसेंबरचे सामने हरण्या-जिंकण्यासाठी नसतातच, ते हे सगळं करून बघण्यासाठी असतात.

३ जानेवारी, शुक्रवार

छपाई. साधा लेटर आकाराचा कागद मधोमध दुमडून, स्टेपल मारून. अशा पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. आमची १९ भरली, म्हणजे एक पान रिकामं. तिथे लेकीने सुचवलेली गोष्ट घातली: ४ एप्रिल १८९६ ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि बर्कली यांच्या मुलींच्या संघांत सामना झाला, दोन विद्यापीठांमधला मुलींचा पहिला बास्केटबॉल सामना. पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. स्टॅनफर्ड जिंकलं, २-१. हे आपल्यापासून तासाभरावर घडलंय हे आमच्या बऱ्याच मुलींना माहीतच नव्हतं.

कृष्णधवल छापलं. रंगीत मुखपृष्ठाचा भाव ऐकून बेत सोडला. तेवढ्यात शंभरेक प्रती जास्त निघतात. खर्च शंभर डॉलरच्या आत राहिला, तिघांत वाटून घेतला. जाहिरात घेतली नाही.

छापून झाल्यावर काकांना दिसलं की एका संघाचे पांढऱ्या आणि गडद जर्सीवरचे आकडे वेगळे आहेत. घरच्या सामन्यात जी १२, ती बाहेर २१. पुस्तिकेत फक्त घरचे आकडे. दुरुस्तीची एक सुटी पट्टी छापून प्रत्येक प्रतीत घातली. पुढच्या वर्षी रोस्टर मागतानाच दोन्ही आकडे मागायचे.

११ जानेवारी, शनिवार

लीगचा पहिला आठवडा झाला. पहिल्या घरच्या सामन्याला प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर प्रती ठेवल्या, मध्यंतरापर्यंत संपल्या. पाहुण्या शाळेच्या एका आजोबांनी आपल्या नातीचं नाव बोट ठेवून शोधलं आणि आणखी एक प्रत मागून घेतली. ती मुलगी त्या दिवशी उतरली नाही, पण पुस्तिकेत होती.

काय जुळलं: बॉल कोण आणतं आणि प्रेस कसा फुटतो याबद्दल लिहिलेलं जवळपास सगळं. काय चुकलं: संघ 'अ'ला आम्ही शर्यतीत धरलं होतं, पहिल्याच सामन्यात प्रेसपुढे ते अडकले. डिसेंबरमध्ये त्यांना प्रेस करणारं कुणी भेटलंच नव्हतं, आणि आमच्या तक्त्यात 'अजून कशाची परीक्षा झालेली नाही' असा रकाना नव्हता. तो आता केलाय. बाहेरून शॉट मारणाऱ्या मुलींबद्दलचे अंदाजही ढिले निघाले. दोन-तीन सामन्यांतले तीनचे शॉट म्हणजे अगदीच थोडे प्रयत्न, त्यावरून 'अचूक' म्हणायला नको होतं.

दुसरी फेरी जानेवारीच्या शेवटी सुरू होईल तेव्हा एक पानी पुरवणी काढणार आहोत: पहिल्या फेरीत कुणी कुणाला काय करून अडवलं, एवढंच. तिच्यासाठी टर्नओव्हर लिहायला दोन नव्या मुली तयार झाल्यात, दोघी जेव्हीच्या. पुढच्या मंगळवारी जेव्हीचा सामना संपला की त्या माझ्याशेजारी बसून एक सामना लिहून पाहणार आहेत. कोरे तक्ते, प्रशिक्षकांचे तीन प्रश्न आणि नावं वगळण्याचा नमुना-मेसेज मागणाऱ्या प्रत्येकाला पाठवते आहे.